माझ्या मापाची बंदूक

त्या जनावराला मराठीत नाव नाही. तिकडचे लोक ग्राउंडहॉग म्हणतात. मी घूस म्हणत असे, कारण तोंडवळा घुशीचाच. फक्त आकाराने मांजरापेक्षा मोठं, पोट जमिनीला टेकलेलं आणि अंगावर दाट तपकिरी केस. आपल्याकडची घूस अंधारात येते आणि माणसाची चाहूल लागली की पळते. हे दिवसाढवळ्या यायचं, मागच्या पायांवर बसायचं, पुढच्या पायांत चवळीचा वेल धरायचं आणि सावकाश खायचं, लग्नाच्या पंगतीत वरपक्षाकडचा माणूस बसतो तसं. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज गावाबाहेर आम्ही घर घेतलं, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं. घरामागे एक जुनं लाकडी कोठार होतं, त्याच्या पायाखाली त्याचं बीळ होतं. म्हणजे आमच्या आधीपासून ते तिथे राहत होतं. जागा त्याची होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चवळी माझी होती.

घर जुनं, थंडीत करकरणारं. तळघरातली भट्टी पेटली की भिंतींतले पाइप टकटक वाजायचे आणि मला वाटायचं कोणी दार ठोठावतंय. दार कोणी ठोठावत नसे. नवरा सकाळी सातला विद्यापीठात जायचा, पोरगी प्रज्ञा पिवळ्या बसने शाळेत, आणि मग दुपारी तीनपर्यंत मी आणि तो टकटकाट. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे नागपुरात कॉलेजात होते आणि मी चौथीनंतर शाळा सोडून धानाच्या रोवणीला जात होते. पुढे हे शिकत गेले, मी होते तिथेच राहिले. हे एमएस्सी झाले, पीएचडीसाठी अमेरिकेत आले, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. एवढं शिकूनही त्यांनी मला सोडलं नाही, याचं कौतुक मी आयुष्यभर ऐकलं. बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, "तुझं नशीब हो." मी मान हलवायचे. बैल विकला नाही म्हणून बैलाने शेतकऱ्याचे उपकार मानावेत, तशातला हा प्रकार.

महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडे आपले लोक जमायचे. विद्यापीठातली पोरं असायची, कोणी नागपूरचं, कोणी पुण्याचं, कोणी मुंबईचं, एकाच अपार्टमेंटमध्ये चार-चार जण राहणारी आणि पास्ता खाऊन कंटाळलेली. यांचा मित्र गौतम ओहायोतल्या डब्लिनहून बायको शोभाला घेऊन इतक्या लांबून ड्राइव्ह करून यायचा. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, मेणबत्ती. आधी वंदना, मग पंचशील, मग चर्चा, मग जेवण. चर्चा इंग्रजीत चालायची आणि जेवण मराठीत. गावात भारतीय दुकान म्हणजे एका माणसाने व्हिडिओ कॅसेटींशेजारी ठेवलेली दोन फळ्या डाळ. म्हणून मी मागे वाफे केले. अंबाडीचं बी मी गावाहून लुगड्याच्या घडीत आणलं होतं. अंबाडी, मेथी, काटेरी वांगी आणि वेलाची लांब चवळी. तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी आणि चवळीच्या शेंगा लसणावर परतलेल्या. पोरं जेवताना बोलायची थांबायची. एकदा एक मुलगा ताटावर बसल्या बसल्या रडला आणि मग तिखटाने डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. घर यांच्या नावावर, गाडी यांची, आणि बाहेर बोलायची वेळ आली की भाषा पोरीची. वाफे तेवढे माझे होते.

ते घुशीने खायला सुरुवात केली. आधी मेथी बुडापासून साफ. मग चवळी. वेल काठीवर चढायला लागला की ती खालून कुरतडायची आणि वरचा वेल दोन दिवसांत वाळून जायचा. मी जाळी लावली, तिने खालून उकरलं. मिरचीपूड टाकली, पावसाने धुतली. शेजारच्या शेतावर डॉरथी नावाची म्हातारी विधवा राहायची. माझ्या वेलांच्या काठ्या तिनेच दिलेल्या, लोकस्ट नावाच्या झाडाच्या, ते लाकूड मातीत सडत नाही. ती कुंपणावर कोपरं टेकून सगळं बघत असायची. शेवटी म्हणाली, बावीसची रायफल घ्या, बाकी सगळं करून बघितलंय मी. बावीसची म्हणजे बारीक काडतुसाची, बोटाच्या पेराएवढ्या. त्याच्या बुडाच्या कडेतच ठिणगी पाडणारा मसाला असतो, घोडा त्या कडेवर आपटतो. ससा, खार, घूस यांच्यासाठी तीच वापरतात. मोठ्या जनावराला ती पुरत नाही. पण माणसाला पुरते, हे डॉरथीने त्याच दमात सांगितलं होतं. प्रज्ञाने ते मराठी करून सांगितलं आणि मला तेव्हा ते तिच्या पोरबुद्धीचं वाटलं.

मी यांच्याजवळ विषय काढला. हे पेपर वाचत होते.

"पाणातिपाता वेरमणी," यांनी पहिलं शील म्हणून दाखवलं, जीव मारायचा नाही ते. "आपण बौद्ध आहोत. घरात बंदूक आणायची?"

"शनिवारी कोंबडी कोण खातं?"

"ती आपण मारत नाही."

"मारणारा वेगळा आणि खाणारा वेगळा, हे मालगुजाराच्या घरीही होतं."

ह्यांनी पेपरचं पान उलटलं. पण मालगुजाराचं नाव निघालं, आणि तिथेच सगळं बिघडलं असं मला आता वाटतं.

आमचं गाव चांद्याकडच्या जंगलाला लागून. धान कापून झालं की गावच्या जमिनीचा मालक, मालगुजार, आणि त्याचे पाहुणे शिकारीला निघायचे, आणि हाका घालायला आमच्या वस्तीतली माणसं न्यायचे. हाका म्हणजे डबे, पराती, काय हाताला येईल ते बडवत, ओरडत रानातून एका रांगेत चालायचं आणि जनावर पलीकडे बसलेल्या बंदुकांच्या तोंडी द्यायचं. बंदुका अर्थातच हाकेवाल्यांच्या दिशेला तोंड करून असायच्या. दुसरीकडे असून भागणारच नाही. एका वर्षी कुणा पाहुण्याने घाई केली आणि माझ्या बापाच्या पोटरीत छर्रे गेले. काही काढले, काही आतच राहिले. लहानपणी मी बापाचे पाय चेपायचे तेव्हा ते कातडीखाली लागायचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे, बोटाखालून सरकणारे. त्या दिवशीचा वाटा म्हणून मालगुजाराने बापाला रानडुकराचं डोकं दिलं. आईने ते शिजवलं. बाप लंगडत बसला आणि आम्ही जेवलो.

लग्नानंतर ही गोष्ट मी यांना सांगितली. सांगितली ती माझी होती, पुढे ती यांची झाली. चौदा एप्रिलला कुठेही भाषण असलं की हे ती सांगायचे. "माय फादर-इन-लॉ," असं सुरू व्हायचं आणि शेवटी टाळ्या. छर्रे भाषणागणिक वाढत गेले.

तर गौतमला फोनवर हे कळलं. तो म्हणाला, "अरे यार, पंचशील वगैरे ठीक आहे. पण तिकडे आपल्या माणसाला काठी धरू दिली नाही. इथे राइट आहे. घेऊन टाक." फोन ठेवल्यावर हे दिवाणखान्यात येरझारा घालायला लागले. घुशीसाठी घ्यायची नव्हती ती बंदूक आता मालगुजारासाठी घ्यायची ठरली. तो मरून कैक वर्षं झाली होती.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. पुढे मासे धरायचे गळ, रबरी बूट, शेंगदाण्याच्या पिशव्या, आणि मागच्या भिंतीला बंदुका. दुकानदार खांद्यांवरून पट्टे घेतलेला जाडजूड माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला, चालवणार कोण? हे म्हणाले, मी. त्याने दुसरा प्रश्न विचारला, कशासाठी? हे म्हणाले, बायकोच्या बागेसाठी. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरून एक आखूड बंदूक काढून माझ्यापुढे काउंटरवर ठेवली. दिवसा घरी कोण असतं, त्यावर ठरवा, असं काहीतरी तो म्हणाला.

हे हसले. "नो, नो. शी इज ओन्ली अ हाउसवाइफ."

तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी हात मागे घेतले.

मग ह्यांनी निवडली. किती लांब मारते, किती गोळ्या बसतात, दुर्बीण लागते का, हे विचारलं. शेवटी घेतली ती सगळ्यांत लांब, दहा गोळ्यांची, चाप दाबला की पुढची गोळी आपोआप वर येणारी, आणि वर दुर्बीण. डोळा लावला की लांबचं पान हाताशी येतं. घरी येताना ती मागच्या सीटवर प्रज्ञाच्या मांडीवरून आडवी होती, पोरीने तिचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं.

आल्यावर ह्यांनी ती कोटांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. पोर असलेल्या घरात बंदूक कुलपातच हवी, त्यात काही चूक नव्हती. पण घूस यायची सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. बंदूक कपाटात, किल्ली प्रयोगशाळेत, घूस वाफ्यात. पाहुणे आले की बंदूक बाहेर निघायची. प्रत्येकाने हातात घेऊन फोटो काढून घेतला. ते फोटो नागपूरला गेले, पुण्याला गेले. माझी सासू फोनवर म्हणाली, मिलिंदाने बंदूक घेतली म्हणे. तिच्या आवाजात जे होतं ते खोटं नव्हतं. त्या पिढीला ते मोठंच होतं. मी तिला सांगितलं नाही की अंबाडीची दोन पानंसुद्धा उरली नाहीत.

जुलैतल्या शनिवारी सगळे जमले होते. वंदना झाली, पंचशील झालं, जेवणं झाली. मी दुसऱ्यांदा पेरलेली चवळी कमरेच्या वर आली होती, दाट, आत वाकून बसलं तर माणूस दिसू नये अशी. शोभा आणि मी मागच्या पायरीवर बसून भांडी कोरडी करत होतो. चवळीचं एक पान हललं, मग दुसरं. वारा नव्हता. मी खिडकीतून आत सांगितलं, "आली आहे. आत्ता आहे वाफ्यात."

कपाट उघडलं गेलं. पुरुष मागच्या दाराने बाहेर आले, हे पुढे, गौतम आणि तिघं विद्यार्थी मागे. घूस पळाली तर कोठाराखालच्या बिळाकडेच पळणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून हे कोठारापाशी जाऊन उभे राहिले.

"पण दिसत नाही यार आत," गौतम म्हणाला. "कुणीतरी पलीकडून हुसकवायला पाहिजे."

"हाका घालू," हे म्हणाले.

मी शपथेवर सांगते, हाच शब्द ते म्हणाले. त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नव्हता. माझ्याकडून ऐकला होता.

"वहिनी, शोभा, तुम्ही रस्त्याच्या बाजूने या," गौतमने सांगितलं. "भांडी आहेतच हातात."

"आय वाँट टू डू इट टू," प्रज्ञा म्हणाली. ती नऊ वर्षांची होती. तिला कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. सगळे हसत होते, ऊन चांगलं पडलं होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आज ही घूस जाईल आणि चवळी राहील. पोरीने परात घेतली आणि पळी घेतली. मी पातेलं घेतलं, शोभाने झाकण. आम्ही तिघी रस्त्याच्या कडेने वळसा घालून वाफ्याच्या वरच्या टोकाला गेलो आणि बडवत, ओरडत खाली यायला लागलो. प्रज्ञा इंग्रजीत ओरडत होती, मी मराठीत. तिला हसू आवरत नव्हतं. पातेल्याचा आवाज माझ्या दातांपर्यंत येत होता, आणि त्या आवाजात पाऊल टाकताना मला एकदम पोटरीत काहीतरी जाणवलं, माझ्याच पोटरीत. मी वर पाहिलं. चवळीच्या शेंड्यावरून समोर कोठार दिसत होतं, कोठारापुढे हे उभे होते, आणि ती दुर्बीण आमच्याकडे होती.

मी थांबा म्हणायच्या आत घूस निघाली. टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌. लाकूड मोडल्यासारखा आवाज, मोठा नव्हता. घूस यांच्या पायांजवळून गेली आणि बिळात शिरली. माझ्या आणि प्रज्ञाच्या मधली काठी हलली. मला वाटलं पोरीची परात लागली. मग मी पाहिलं. काठीत भोक होतं, आत पांढरं, ताजं. त्याची उंची प्रज्ञाच्या कानाला आली होती. ती अजून परात वाजवत होती.

तिच्या हातातली परात मी काढून घेतली. पलीकडून गौतम ओरडला, "वहिनी, थोडक्यात वाचलात. आता पार्टी पाहिजे." विद्यार्थी हसले. काठीतलं भोक त्यांना तिथून दिसलं नव्हतं असं म्हणायला मी तयार आहे. यांना दिसलं होतं. यांचा चेहरा मातकट झाला होता.

मी वाफ्यातूनच सरळ खाली गेले. चवळी पायाखाली तुडवली गेली, ती घुशीने खाल्ली त्यापेक्षा जास्त असेल.

"माझा बाप कुठे उभा होता, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"अगं, लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच सांगता ना तुम्ही."

"मी खाली एम केला होता. दगडावरून उडाली असेल. चुकून झालं."

"त्या पाहुण्याकडूनही चुकूनच झालं होतं."

"यशोदा, तू कशाची तुलना कशाशी करतेस?" हे म्हणाले. त्यांनी ते इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मला कळलं, यांना दिसत नाहीये. भाषणातला हाका वेगळा आणि हा वेगळा. त्यात आपण रांगेत असतो. इथे आपण कोठारापाशी उभे आहोत आणि रांगेत फक्त बायका आहेत.

"ही पोर पुन्हा हाक्याला जाणार नाही," मी म्हटलं. "मीही नाही." आणि घरात गेले. त्या दिवशी आमच्या घरातून पाहुणे चहा न घेता गेले. शोभा जाताना स्वयंपाकघरात आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, काही न बोलता गेली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला आजही सांगायला हरकत नाही. संध्याकाळी हे कापडाने बंदूक पुसत बसले आणि म्हणाले, "तू मला सगळ्यांसमोर लहान केलंस." पोरीला विचारलं नाही, तुला लागलं का. तिला लागलं नव्हतं. तरी विचारतात माणसं.

प्रज्ञा तेव्हापासून वाफ्यात येईना. बाहेरून आली की वर खोलीत जायची. आधी ती शेंगा तोडायला माझ्याबरोबर असायची, तोडता तोडता कच्च्या खायची. आता खिडकीतूनसुद्धा बघत नसे. एकदा माझ्या हातून ताट पडलं, तर ती दोन्ही हात कानांवर घेऊन खाली बसली. मी हे यांना सांगितलं. हे म्हणाले, मुलं विसरतात. त्या घरात मला एकच जागा होती आणि तिथे माझी पोर पाय ठेवत नव्हती.

मी डॉरथीकडे गेले. एकटीच गेले, पोरीला दुभाषी म्हणून नेलं नाही. मी हाताने बंदुकीची खूण केली आणि स्वतःच्या छातीला बोट लावलं. "फॉर मी," म्हटलं. तिने मला आत घेतलं, कॉफी दिली, ती मला आवडत नाही, मी प्यायले. मग दारामागची तिची बंदूक काढली, लहानपणी बापाने दिलेली. आधी ती उघडून रिकामी असल्याचं मला दाखवलं, बोट आत घालून बघायला लावलं. मग दस्त्याचं बूड माझ्या कोपराच्या खळग्यात टेकवलं आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहिलं. ब्लाउज बेतताना बाही मोजतात तसं. पोचलं. पुढे कित्येक दिवस तिच्या कुरणात, मातीच्या उंच बांधासमोर, तिने मला शिकवलं. गोळी घालायच्या आधी ती दर वेळी डब्याच्या मागे बोट दाखवायची. मागे काय आहे? बांध, मी म्हणायचे. मग चालव. एकदा बांधावर तिची गाय चढली होती, तर त्या दिवशी आम्ही गोळी चालवलीच नाही. गाय उतरायची वाट बघत दोघी गवतात बसलो.

त्याच दुकानात मी ऑगस्टमध्ये गेले, डॉरथीच्या ट्रकमधून. शाळा सुटल्यावर शेजारच्या दोन घरची मुलं मी सांभाळायचे, पैसे माझे होते. दुकानदाराने मला ओळखलं. "युअर हजबंड?" म्हणाला. "नो," मी म्हटलं. "मी." त्याने काउंटरवर तीन बंदुका मांडल्या. यांच्यासारखीच एक, आपोआप भरणारी. ती मी हातानेच बाजूला सारली. तिचे चार आवाज माझ्या कानांत होते. दुसरीत पाच गोळ्यांचं घर होतं आणि प्रत्येक गोळीनंतर खिटी मागे ओढून पुढे सारायची. ती हाताला बरी होती, पण गोळी आत आहे की नाही हे बाहेरून कळत नव्हतं, लक्षात ठेवायला लागलं असतं. राग आलेल्या माणसाच्या काही लक्षात राहत नाही. तिसरी आखूड, हलकी, एका वेळी एकच गोळी घेणारी, दुर्बीण नाही, नेम धरायला नळीच्या टोकावर नुसती माशी. खिटी उघडली की रिकामी आहे की भरलेली ते डोळ्यांना दिसतं. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, ही चुकली तर दुसरी गोळी घालेपर्यंत जनावर गेलेलं असेल. मी म्हटलं, जाऊ दे. खरं तर मला एवढं इंग्रजी आलं नाही, मी हात हलवला, पण त्याला कळलं. मी ती खांद्याला लावली. ती माझ्या मापाची होती. त्या देशात तोपर्यंत घेतलेली माझी प्रत्येक वस्तू, कोट, बूट, मोजे, कुणाच्या तरी मोठ्या मापाची, भागवून घेतलेली होती.

घरी आल्यावर मी ती यांच्यासमोर टेबलावर ठेवली, खिटी उघडून.

"घरात एक आहे ना?" हे म्हणाले.

"ती तुमची आहे."

त्यांनी ती उचलली, खांद्याला लावून पाहिली. त्यांचं कोपर बाहेर आलं, मान वाकडी झाली, लहान मुलाच्या खुर्चीत बसल्यासारखे दिसले. खाली ठेवली. "खेळणं आहे," म्हणाले. मी माझ्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात नाही, कारण ते मी घालत नसे, साध्या काळ्या दोऱ्यात गळ्यात घातली.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुन्हा सगळे जमले. तीच माणसं. सकाळी शील घेतलं, मीही हात जोडून घेतलं. खिरीचं पातेलं मंद आचेवर होतं. आत यांचं भाषण सुरू झालं आणि ते बापाच्या पोटरीपाशी आलं. "माय फादर-इन-लॉ." मी दारातून पाहिलं. गौतम मान हलवत होता. एका विद्यार्थ्याने, त्याच हसणाऱ्यांतल्या एकाने, डोळे पुसले. प्रज्ञा कोपऱ्यात बसून सॉक्सचा धागा ओढत होती. मी परत चुलीपाशी आले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. वाळलेल्या चवळीत शेवटच्या शेंगांपाशी घूस बसली होती, थंडीसाठी पोट भरून घेत होती.

मी खीर उतरवली. कुलूप काढलं. मागच्या दाराने गेले आणि घर पाठीशी ठेवून पायरीवर बसले. घुशीच्या मागे नुकताच मी स्वतः घातलेला मातीचा बांध होता. त्याच्या मागे काही नव्हतं. तरी मी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे बघितलं. एक गोळी घातली, एक चालवली. घूस आडवी झाली आणि हलली नाही. आतलं भाषण थांबलं.

सगळे खिडकीशी आले. हे दारात आले. "आजच्या दिवशी?" म्हणाले. "सकाळी शील घेऊन?"

"मोडलं मी शील," मी म्हटलं. "मागे बांध होता. माणूस नव्हतं."

 यांच्यामागून प्रज्ञा बाहेर आली. ती घुशीकडे गेली नाही. ती चवळीत गेली, वेलांच्या आत, भोक पडलेल्या काठीपर्यंत, आणि तिथे उभी राहून तिने एक वाळकी शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, कडक निघाला म्हणून थुंकला. मी खिटी उघडली, रिकामी दाखवली, आत जाऊन हात धुतले आणि खीर वाढली. खिरीला सगळे चांगली म्हणाले. भाषण त्यांनी पुरं केलं की नाही मला आठवत नाही.

यांनी ती गोष्ट सांगणं काही सोडलं नाही. पुढची पंचवीस वर्षं सांगितली, डब्लिनला सांगितली, प्रज्ञा रेडमंडला नोकरीला लागली तेव्हा तिथल्या हॉलमध्ये तिच्यासमोर सांगितली. ती लांब बंदूक गौतमने नेली, त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे असं ऐकते. तिने आयुष्यात एकाच वस्तूला मारलं आणि ती वस्तू माझ्या वाफ्यात आहे. लोकस्टचं लाकूड खरंच सडत नाही. दर उन्हाळ्यात मी ती काठी त्याच जागी रोवते.

निवृत्त झाल्यावर यांना बागेची आवड लागली. आवड म्हणजे खुर्ची टाकून बसायची. एका संध्याकाळी मी शेंगा तोडत होते आणि हे उठून वेलांतून हात फिरवत त्या काठीपाशी थांबले. भोकात करंगळीचं टोक घातलं.

"हे कसलं गं भोक?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते विसरले नसतील, मुद्दाम विचारत असतील, असं मला वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

"बावीसचं," मी म्हटलं.

"तुझ्या बंदुकीचं?"

"नाही."

 मग "बरं" म्हणाले, करंगळी पँटला पुसली आणि चहा टाक म्हणत घराकडे गेले. माझी ओळ अर्धी राहिली होती. ती मी आधी पुरी तोडली.